हवा गिळण्याचे दिवस

जानकीच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक गॅसकडे झुकतंय हे लवूला दिसलं, तेव्हा तो चहाचा रिकामा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. वरच्या फळीवरचा डबा काढायला ती टाचा उंच करून उभी होती. एक्झॉस्टचा पंखा घरघरत होता. टॉवेल आधी नुसता हलला, मग त्याच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ आली. लवूने तोंड उघडलं. जन्मभर जसं उघडलं तसंच, पोटातून जोर लावून, मान पुढे काढून. आणि गळ्याच्या खाली, कॉलरच्या दोन बटणांच्या मध्ये जे भोक होतं त्यातून फस्स करून हवा बाहेर गेली. बस. सायकलच्या ट्यूबमधून जाते तेवढीच. त्याने पुन्हा जोर केला. पुन्हा फस्स. जानकीला वास आला. तिने मान वळवून खांद्याकडे बघितलं, टॉवेल ओढून सिंकमध्ये टाकला, वर नळ सोडला, आणि मग तिला दारातला लवू दिसला, आ वासलेला.

"असे काय बघतास? काय होवक नाय माका," ती म्हणाली आणि परत डबा काढायला वळली.

दिवसभर तो गॅलरीत बसून राहिला. खाली कन्नमवार नगरच्या रस्त्यावर भाजीवाले ओरडत होते, कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं, समोरच्या बिल्डिंगमधली बाई पोराला नावाने हाका मारत होती, आणि हे सगळे लोक घसा किती सहज वापरतायत याचं त्याला नवल वाटत होतं. टाळी वाजवता आली असती. कप भिंतीवर मारता आला असता. चार पावलं पुढे जाऊन टॉवेल ओढता आला असता. पण अंगाला एकच गोष्ट ठाऊक होती, ओरडायचं, आणि ओरडायचं ते जिथून, ती जागा ऑपरेशनच्या टेबलावर काढून टाकली होती. त्याला जळका वाससुद्धा आला नव्हता. श्वास नाकातून जातच नव्हता, तर वास कुठून येणार. म्हणजे उद्या ती बाथरूममध्ये पडली, सिलेंडर गळला, रात्री तिच्या छातीत दुखलं आणि तिने विचारलं की आहात ना, तर आपण नुसते फसफसत उभे राहणार. हा विचार मग त्याच्या मनातून हलला नाही.

याच घशाने त्याने ऐन तारुण्यापासून कबड्डीची मैदानं गाजवली होती. दिवसा विक्रोळीच्या कंपनीत डिस्पॅचला, आणि हिवाळा लागला की संध्याकाळी माइकवर समालोचन. भांडुप, घाटकोपर, पार दहिसरपर्यंतची मंडळं गाडी पाठवायची. लवू गवस आले की सामना उभा राहतो, असं लोक म्हणायचे. चढाई करणारा पोरगा मध्यरेषा ओलांडून गेला की लवू आवाज खाली आणायचा, इतका की गर्दी आपोआप गप्प व्हायची, आणि मग पकड झाली की तोच आवाज असा वर काढायचा की मागच्या चाळीच्या जिन्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा उठून उभ्या राहायच्या. त्याचे वडील गिरणीतले; घरी फार बोलायचे नाहीत, यंत्रांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या माणसाला बोलण्याचा कंटाळा असतो. ते एकदाच सामना बघायला आले होते. परत येताना म्हणाले, "तुझा खेळ बरा होता." लवू खेळलाच नव्हता. पण त्यांना काय म्हणायचंय ते त्याला कळलं होतं.

घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आता बरेच महिने झाले होते. स्वरयंत्र गेलं, श्वासाची नळी गळ्याबाहेर काढली, रेडिएशन झालं. बोलता यावं म्हणून आत झडप बसवण्याचा एक मार्ग असतो, पण तुमच्या घशाला आता तो सोसायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून निघणारा आवाज ऐकून जिन्यातली एक लहान मुलगी आईच्या मागे लपली, तेव्हापासून ते कपाटात होतं. उरलं ते अन्ननलिकेतून बोलणं. तोंडातली हवा आत ढकलायची आणि ती ढेकर येते तशी परत वर आणताना तिचे शब्द करायचे. सगळ्यांना जमत नाही, डॉक्टर म्हणाले होते. श्रुतिकाने, त्याच्या मुलीने, हे वाक्य तिथल्या तिथे खोडून काढलं होतं. "बाबा, हे डोक्यातून काढून टाक. असं निगेटिव्ह ऐकायचंच नाही." ती अंधेरीला एका कंपनीत माणसं भरती करण्याचं काम करायची, रोज लोकांना उत्साह देऊन देऊन तिच्या बोलण्यात एक चकाकी आली होती. तिने आरशाशेजारी कागद चिकटवला, माझा आवाज परत येत आहे. रोज सकाळी दाढी करताना हे मनात म्हणायचं, डोळे मिटून तो आवाज ऐकायचा, आला आहे असं समजून आभार मानायचे.

लवूने ते मनापासून केलं होतं. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलंही होतं. डोळे मिटले की मैदान दिसायचं, पिवळे दिवे, माइकची जाळी ओठाला लागायची, आणि तो ऐकायचा स्वतःला, पूर्वीचा, भरदार. त्या दहा मिनिटांत तो इतका तृप्त व्हायचा की हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या दिशामॅडमनी दिलेला सराव करायला बसलं की मन लागायचं नाही. ढेकरा काढत काय बसायचं? पा, टा, का. शिशुवर्गातल्यासारखं. आवाज येणारच आहे, तर तो आपल्या पायांनी येईल. हॉस्पिटलमध्ये दिशामॅडम विचारायच्या, सराव झाला का, तो मान हलवायचा, आणि त्या त्याच्याकडे बघून पुढच्या पेशंटला बोलवायच्या. असे महिने गेले. टॉवेल पेटला त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की कागदावर ज्या आवाजाबद्दल लिहिलंय तो कापून, बरणीत घालून, तपासणीला पाठवलेला होता. तो कुठून परत येणार होता? संध्याकाळी त्याने कागद काढला. श्रुतिका आली तेव्हा तिने भिंतीवरचे चिकटपट्टीचे चार डाग बघितले, आणि जेवताना दोनदा नाक ओढलं.

मग तो सरावाला भिडला. डिस्पॅचच्या काळात ट्रक निघायचा असला की तो हमालांच्या बरोबरीने खोके उचलायचा, तसा. सकाळी उठल्या उठल्या बाथरूममध्ये, दुपारी गॅलरीचं दार लावून, जेवण झाल्यावर पुन्हा. ओठ मिटायचे, हवा गिळायची, मुठी आवळायच्या, जोर करायचा. काही यायचं नाही. हवा पोटात जाऊन बसायची, पोट टम्म व्हायचं, रात्री कुशीवर वळता यायचं नाही. भोकातून मात्र फसफस चालूच. जितका जोर तितकी ती मोठी. आरशात मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिलेल्या दिसायच्या आणि त्याला वाटायचं, अजून थोडं, अजून थोडं कमी पडतोय आपण. जानकी बाहेरून दार वाजवायची. "अवो, पुरे आता. जीव घेशात स्वतःचो." तो नळ सोडून द्यायचा म्हणजे तिला वाटावं आंघोळ चालली आहे. तिला वाचवण्यासाठी हे सगळं चाललंय आणि तिच्यापासूनच लपवून चाललंय, हेही त्याला समजत होतं. पण थांबलं की टॉवेलचा तो पेटलेला पिवळा काठ डोळ्यांपुढे यायचा.

दिशामॅडमनी त्याला एकदा करून दाखवायला सांगितलं. त्याने करून दाखवलं. त्यांनी खुर्ची पुढे घेऊन त्याच्या मानेला दोन बोटं लावली.

"काका, हे काय आहे? लाकूड झालंय. किती वेळ करता रोज?"

लवूने दोन्ही हात फाकवले. खूप.

"आधी करत नव्हता, आता कुस्ती करताय. अहो, ही जागा स्नायूची आहे. घाबरलात की मिटते, जोर केलात की आणखी मिटते. ती उघडली तर हवा खाली जाणार आणि वर येणार. थोडं थोडं करायचं, दिवसातून चारपाचदा, आणि करताना ती येणार आहे असं धरून चालायचं."

लवूने लिहून बोलायची पाटी पुढे ओढली आणि लिहिलं, धरून चाललो होतो. नाही आली.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही नुसतं धरून बसला होता."

याचा त्याला राग आला. बाहेर बाकावर बाळ कर्णिक बसले होते, मुलुंडचे, एका शाळेतून रिटायर झालेले मास्तर. त्यांचं ऑपरेशन कित्येक वर्षांपूर्वीचं, आणि ते बोलायचे. खरखरीत, तुटक, पण स्वच्छ. दर वेळी नव्या पेशंटांना विनोद सांगायचे, खांद्यावर थाप मारायचे, येणार म्हणजे येणारच, म्हणायचे. लवूला त्यांच्याजवळ बसायला नको वाटायचं. सगळं गेलेल्या माणसाची इतकी हौस खोटी असली पाहिजे असं त्याला वाटायचं. हा माणूस घरी जाऊन उशीत तोंड खुपसत असणार. त्या दिवशी बाहेर जायचा रस्ता चुकून तो जिन्याच्या मागच्या बाजूला गेला तर तिथे कर्णिक भिंतीकडे तोंड करून उभे होते. पा. टा. का. पाट. काट. टाक. हात लोंबते सोडलेले, खांदे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. शिशुवर्गातलेच शब्द. लवूची चाहूल लागली तसे ते वळले, पण लाजले नाहीत.

"रोज करतो," ते म्हणाले. मग थांबून, हवा घेऊन, "सकाळी पहिला शब्द... येईल की नाही... अजून भीती वाटते."

लवूने त्यांच्याकडे बघितलं. मग बोटाने त्यांच्या छातीकडे दाखवून तो हसरा चेहरा करून दाखवला, म्हणजे, मग बाहेर ते सगळं काय असतं?

"ते पण खरं," कर्णिक म्हणाले. "येतो म्हटलं... तरच घसा सुटतो. पण टाका... मारावा लागतो रोज."

घरी येताना लवू बसच्या खिडकीत बसून विचार करत राहिला. त्याला चढाईला जाणारी पोरं आठवत होती. अंगाने दणकट, मेहनती, पहाटे धावणारी पोरं, आणि मध्यरेषा ओलांडली की दम सुटायचा. भीतीने छाती आवळली की दम राहत नाही. आणि दुसरी ती, मैदानात उतरताना छाती पुढे काढणारी, आपण जिंकूनच आलोय अशी. ती पहिल्या पकडीत खाली. माइकवरून हे त्याने कितीदा सांगितलं असेल, लोक हसायचे, टाळ्या द्यायचे. स्वतःच्या घशाशी याचा काही संबंध असेल असं तेव्हा वाटण्याचं कारणच नव्हतं. पण हे आठवून बरं वाटलं असंही नाही. उलट नवी काळजी लागली. जोर करायचा नाही, पण सोडायचंही नाही. विश्वास ठेवायचा, पण वाट बघत बसायचं नाही. हे नेमकं कुठे असतं? हे बोटाने दाखवता येत नाही. गिअर नसलेली गाडी चालवायला बसल्यासारखं त्याला झालं.

पहिला आवाज आला, पण तो सराव करताना नाही. सरावानंतर तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता, हात मांडीवर टाकून, थकून. जानकी मटार सोलत होती. घशात एक बुडबुडा वर आला आणि ओठ तसेच सरावाच्या सवयीने मिटलेले होते. "पा," आवाज झाला. जाड, ओला, बेडकासारखा. जानकीने वर बघितलं. तिने मटाराची शेंग खाली ठेवली. "परत करा," ती म्हणाली. त्याने लगेच मुठी आवळल्या, आणि अर्थातच काही आलं नाही. घाम फुटला. गेला, आला आणि गेला, एकदाच यायचा होता तो. जानकीने त्याच्या मुठी एक एक करून उघडल्या आणि दोन्ही हातांत शेंगा दिल्या. "हे सोला आधी," ती म्हणाली. तो सोलू लागला. बराच वेळ दोघं नुसती सोलत होती. मग पुन्हा आला.

नंतर तीच त्याला शब्द पुरवायला लागली. प, ट, क लवकर येतात हे तिने दिशामॅडमकडून काढून घेतलं होतं. भाजी चिरता चिरता ती म्हणायची, "बटाटा म्हणा. कडीपत्ता म्हणा. पटकन म्हणा." तो म्हणायचा. काही दिवस सगळं यायचं, काही दिवस काहीच नाही, आणि ते कोणत्या दिवशी का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. श्रुतिका रविवारी यायची, खुर्चीत पाय घेऊन बसायची आणि ऐकायची. ती आता चकाकीने बोलत नव्हती. एकदा तिने विचारलं, "बाबा, तो कागद लावला ते चुकलं का रे माझं?" त्याला सांगायचं होतं की त्या दहा मिनिटांवर मी ते रेडिएशनचे दिवस काढले. एवढं मोठं वाक्य त्याच्यात नव्हतं. तो म्हणाला, "टेकू... होता."

दिशामॅडमचा फोन जानकीने घेतला. अंधेरीच्या एका हॉस्पिटलमध्ये एक पेशंट होता, उद्या त्याचं ऑपरेशन. अशा माणसाला बोलू शकणारा कोणीतरी आधी भेटलेला बरा असतो. कर्णिकांना सर्दी झाली होती, घसा चालत नव्हता. गवसकाका जातील का? लवूने मान हलवून नाही म्हटलं. जानकीने फोनवर हो सांगितलं.

तो एकटाच बसमध्ये चढला. जानकी बरोबर येते म्हणत होती, त्यानेच नको म्हटलं, आणि आता ते चुकलं असं वाटत होतं. कंडक्टर पुढून येत होता. अंधेरी हा शब्द त्याला कधीच नीट यायचा नाही, सुरुवातीलाच नाकात अडकायचा. म्हणून त्याने टेशन हा शब्द तयार ठेवला होता, तो मनात घोळवत होता, आणि कंडक्टर समोर उभा राहिला तेव्हा नेमका तोही आला नाही. मागच्या माणसाने काय झालं म्हणून वाकून बघितलं. लवूने मोबाईलवर लिहून दाखवलं. कंडक्टरने गळ्यावरच्या कापडाकडे बघितलं आणि नको इतक्या मऊपणाने तिकीट दिलं. परत फिरावं, लवूला वाटलं. ज्याला साधं टेशन म्हणता येत नाही तो दुसऱ्याला काय धीर देणार. बाहेर पवई मागे पडत होती. त्याने मांडीवर हात सैल सोडले, पुन्हा ते आवळले गेले, पुन्हा सोडले.

पेशंटचं नाव नितेश. दहिसरचा, शाळेची बस चालवायचा, चाळिशीच्या आसपास, खाटेवर मांडी घालून बसलेला. बायको माधुरी शेजारी डब्यातली सफरचंदं चिरत होती. त्या लहानशा जागेत नितेशचे दोन भाऊ आणि एक मेहुणाही होते, आणि सगळे हसत होते. कसला तरी जुना किस्सा चालला होता. लवू आत आला तसे ते उठले, खुर्ची दिली, आणि भाऊ म्हणाला, "बघ, हे काका बघ. आहेत ना झकास? तू उगाच टेन्शन घेतोस यार. पॉझिटिव्ह राहायचं."

"नमस्कार काका," नितेश म्हणाला. आवाज घोगरा होता, कडेला चिरलेला. "तुमचं पण हेच झालं होतं ना?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. लवूने ओठ मिटले, हवा घेतली. आत काहीतरी उघडलं. "पटकन... कळलं... म्हणून वाचलो," तो म्हणाला.

माधुरीच्या हातातली सुरी थांबली. तिने लवूकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. धाकटा भाऊ म्हणाला, "ए वहिनी, काय हे? आज रडायचं नाही, ठरलंय ना आपलं." मेहुण्याने दोघा भावांना चहाला खाली चला म्हटलं. ते गेले. लवूला वाटलं, उठावं आणि आपणही जावं. आपण या बाईला घाबरवलं. जिन्यातली ती मुलगी लपली होती तसंच हे. कान तापले, घसा लाकडासारखा होऊ लागला.

"काका, खरं सांगा," नितेश म्हणाला. आता तो हसत नव्हता. "हे सगळे सांगतायत, आवाज परत येतो. येतो ना?"

कर्णिक काय म्हणाले असते ते लवूला माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले होते तेही माहीत होतं. खालून कुठूनतरी ट्रॉलीचा आवाज येत होता. त्याने घाई केली नाही. खांदे सोडले, वाट बघितली, आणि हवा आली तशी वर आणली.

"तो... नाही," तो म्हणाला. माधुरीने तोंडावरचा पदर काढला. लवूने स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं. "हा... येतो. कामाला... लागलं तर."

"आणि नाही आला तर?"

लवूने हात हलवला, असंही होतं. मग म्हणाला, "येतो... धरायचं. आणि... पा टा का."

नितेशला ते कळलं नाही, पण तो बघत राहिला. आणि लवूच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या ऑपरेशनच्या आदली दुपार उभी राहिली. अशीच माणसं जमली होती. मंडळाची पोरं आली होती, कंपनीतले आले होते, सगळे सारखे हसत होते आणि तोही हसत होता, उद्या काही होणारच नाहीये असं ठरवून. कोणी मध्येच गप्प झालं की लगेच कोणीतरी विनोद करायचं. जानकी कोपऱ्यात उभी होती. तिच्याशी तो सबंध दिवसात काय बोलला असेल? चप्पल आत घे. चार्जर दे. एवढा आवाज शिल्लक होता, भरभरून, आणि तो लोकांच्या जोकांना हो हो करण्यात गेला. भीती वाटते हेसुद्धा त्याने म्हटलं नाही, कारण ते म्हणायचं नाही असं सगळ्यांनी मिळून मानलं होतं.

"आज... बोला," लवू म्हणाला आणि माधुरीकडे बोट केलं. "तिच्याशी."

"काय बोलू?"

"काय... पण."

नितेशने चादरीची सुरकुती दोनदा सरळ केली. बायकोकडे बघितलं, परत चादरीकडे. "अगं," तो म्हणाला, "मला लय भीती वाटते." ती सरकून जवळ बसली. मग त्याने सांगितलं की बसच्या मागच्या सीटखाली छत्री राहिलीय, ती कोणाला तरी आणायला सांग. मग म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदा तुला मार्लेश्वरला नेलं होतं तेव्हा मी रस्ता चुकलो होतो, मुद्दाम लांबून नेलं असं सांगितलं ते खोटं. ती रडता रडता म्हणाली, "माहितीय मला." तो शाळेतल्या पोरांची नावं सांगायला लागला, कोण कुठल्या थांब्यावर चढतं, कोणाला उलटी होते, कोण दार धरून रडतं. एका मुलाला तो रोज गाणं म्हणून दाखवायचा. ते त्याने आता म्हटलं नाही, नुसतं सांगितलं.

लवू उठायला लागला. नितेशने हात धरून त्याला बसवलं. "बसा ना काका. तुम्ही असलात की बोलायला जमतंय." मग थांबून, थोडा ओशाळून, "अजून बोलू? कंटाळलात का?"

लवूने उत्तर द्यायला ओठ मिटले. घसा आवळलेला होता. हवा आत जाईना. त्याने जोर केला नाही. हाताने खूण केली, बोल, बोल. आणि दोन्ही हात मांडीवर सैल टाकून आपला शब्द यायची वाट बघत बसला.